ट्राबांटचे नवे इंजिन

जुन्या मोटारीत नवे इंजिन बसविणे ही गोष्ट मुंबईकरांस नवी नाही. पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा कितीतरी काळ्या-पिवळ्या फियाटच्या पोटात डिझेलची इंजिने गेली, आणि हे काम करणारे हात बहुधा रस्त्याकडेच्या गॅरेजातील, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या कारागिरांचे होते. आम्ही स्वतः सातवीपुढची शाळा पाहिलेली नाही. तेव्हा या कारागिरांविषयी आम्हांस थोडा पक्षपात आहे, हे श्रोत्यांनी गृहीत धरावे. असा कारागीर गाडीवाल्याला आधीच बजावून ठेवतो की, इंजिन नुसते उचलून ठेवल्याने भागत नाही. जड इंजिन आले की पुढच्या स्प्रिंगा बसतात. माऊंटिंगच्या जागा सरकतात. क्लचचे घर जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, म्हणून मध्ये लेथवर कातलेली चकती घालावी लागते. रेडिएटर बदलतो, आणि ताकद वाढली तर ब्रेकही वाढवावे लागतात. शेवटी आर.टी.ओ.च्या पुस्तकातला इंजिनाचा नंबर बदलून घ्यायचा, तो ताप वेगळाच.

आज आम्ही ज्या मोटारीची हकीकत सांगणार आहोत, तिचे इंजिन बदलण्याचे काम एका सबंध राज्याने अंगावर घेतले होते. गॅरेजातला माणूस जे काम आठ-पंधरा दिवसांत उरकतो, त्याला त्या राज्यात बावीस वर्षे लागली. आणि काम पुरे झाले त्या वर्षी ते राज्यच उरले नाही. मोटार म्हणजे ट्राबांट, आणि राज्य म्हणजे पूर्व जर्मनी, अर्थात जर्मन लोकशाही प्रजासत्ताक.

ट्राबांट ही झ्विकाऊ या गावची. सॅक्सनी प्रांतातील हे गाव मोटारींच्या बाबतीत काल-परवाचे नव्हे. ऑगस्ट होर्श या इंजिनिअराने १९०४ साली येथे आपला कारखाना आणला. पुढे भागीदारांशी बिनसले, स्वतःच्याच नावावरचा हक्क गेला, तेव्हा त्याने १९०९ साली त्याच गावात दुसरा कारखाना काढून आपल्या आडनावाचा लॅटिन तर्जुमा त्याला दिला. 'होर्श' म्हणजे 'ऐक', आणि लॅटिनमध्ये 'ऑडी'. आज जगभर मिरवणाऱ्या त्या नावाचा जन्म हा असा. १९३१ पासून याच गावात डी.के.डब्ल्यू. ही छोटी, स्वस्त, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार बनू लागली. तिचे इंजिन 'टू-स्ट्रोक' जातीचे, म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरींचे असे तसे. दुसरे महायुद्ध संपल्यावर रशियनांनी नुकसानभरपाईपोटी येथील यंत्रसामग्री उचलून नेली. मागे भिंती राहिल्या आणि काम येणारी माणसे राहिली. त्या माणसांनी, तोच धागा पकडून, ७ नोव्हेंबर १९५७ रोजी ट्राबांटच्या बांधणीला हात घातला. महिनाभरापूर्वीच रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला होता. 'ट्राबांट' या शब्दाचा अर्थही सोबती, उपग्रह असाच आहे.

या मोटारीची थट्टा करण्याची रीत पडून गेली आहे. आम्हांस ती पसंत नाही. १९५७ साली ही मोटार मुळीच हसण्याजोगी नव्हती. पोलादी पत्रा मिळत नव्हता, म्हणून झ्विकाऊच्या लोकांनी रशियातून येणाऱ्या कापसाच्या टाकाऊ तंतूंत राळ मिसळून, ते तापत्या साच्यात दाबून, न गंजणारे पत्रे तयार केले. इंजिन दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, ५०० घनसेंटिमीटरचे आणि १८ अश्वशक्तीचे होते. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात, त्या उघडझाप करणारा दांडा नसतो, तेलाचा पंपही नसतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. हवेने थंड होते म्हणून रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वरच्या अंगाला असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे, म्हणून पेट्रोलचाही पंप नको. हलणारे मुख्य भाग हाताच्या बोटांवर मोजून घ्यावेत. हाताशी थोडी अवजारे असलेला कोणीही माणूस ते रस्त्याच्या कडेला उघडून पुन्हा जोडू शके. श्रमिकाच्या ऐपतीची व श्रमिकाला कळेल अशी ती मोटार होती. १९६२ साली इंजिन ६०० घनसेंटिमीटरच्या आसपास गेले, १९६४ साली अंगरखा बदलला आणि '६०१' हे तिचे प्रसिद्ध रूप आले. पुढे अश्वशक्ती २६ झाली. आणि तेथेच सगळे थांबले.

थांबले ते कारागिरांचे डोके नव्हे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ६०१ रस्त्यावर आली त्या सुमारासच झ्विकाऊच्या इंजिनिअरांनी पुढच्या मोटारीचे काम सुरू केले होते. पी ६०३ हे तिचे कागदोपत्री नाव. मागे उतरते छप्पर, मागूनच उघडणारे दार, आणि पुढच्या भागात निरनिराळी इंजिने बसवून घेतलेल्या चाचण्या: वार्टबुर्गचे, चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडाचे, इतकेच काय पण त्या काळी अगदी नवलाचे असलेले व्हँकेल जातीचे फिरते इंजिनही. नमुन्याच्या गाड्या रस्त्यावर धावत होत्या. १९६८ साली वरून हुकूम आला की काम बंद करा. नमुनेही मोडीत काढावयास लावले. पुढे १९७० नंतर स्कोडाच्या सहकार्याने दुसरी मोटार योजली गेली. १९७३ साली ती सोडून दिली. मग पी ६१० आली, तीत स्कोडाचे चार सिलिंडरांचे इंजिन बसवायचे होते. नोव्हेंबर १९७९ मध्ये पक्षाच्या पॉलिटब्यूरोने तीही बंद केली. तीन वेळा पाळणा हलला आणि तीनही वेळा घरच्या कर्त्यानेच तो थांबवला.

या निर्णयांमागे नुसता मूर्खपणा होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. देश लहान, तेलाचा थेंब नाही, लोखंड बाहेरचे. १९७१ साली एरिश होनेकर सत्तेवर आले ते घरबांधणीचा कार्यक्रम घेऊन, आणि त्या काळात लाखो कुटुंबांना नळ, मोरी व उबेची सोय असलेली घरे मिळाली. घर आधी की मोटार आधी, असा प्रश्न कोणी आम्हांस घातला असता तर आम्हीही 'घर आधी' असेच म्हटले असते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाला याबाबत फार विचार करावा लागत नाही. परंतु प्रश्न तेवढाच नव्हता. मोटार बंद केली नव्हतीच! वर्षाला लाखाहून अधिक ट्राबांट बनत होत्या. नाव नोंदवल्यावर दहा-दहा, बारा-बारा वर्षे थांबून लोक त्या घेत होते. त्यामुळे वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विके. म्हणजे श्रम तेवढेच, माल तेवढाच, फक्त त्यातून निघणारी वस्तू वर्षानुवर्षे जुनाट होत जाणारी. आणि समाजवादी नियोजनाचा हा स्वभावच आहे असेही नाही. रशियाने इटलीच्या फियाटकडून '१२४' ही मोटार घेतली, तेव्हा १९७० साली तोल्यात्ती येथे ती बाहेर पडताना तिच्यात मूळ इटालियन गाडीपेक्षा सुधारलेले, डोक्यावर कॅमशाफ्ट असलेले इंजिन होते. त्याच गोटातल्या मोठ्या भावाला जे साधले ते धाकट्याला का साधू नये?

आमचे उत्तर कामगार संघटकाचे आहे, आणि ते एकांगी वाटल्यास वाटो. झ्विकाऊच्या कारखान्यात जे चालले होते ते ठरवण्यात झ्विकाऊच्या कामगाराला तोंड नव्हते. १९५३ च्या मे महिन्यात सरकारने कामाचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवले; बर्लिनच्या स्टालिन रस्त्यावरील बांधकाम कामगार त्याविरुद्ध काम टाकून निघाले, १७ जूनला देशभर संप पसरला आणि तो रशियन रणगाड्यांनी मोडला. तेव्हापासून युनियन राहिली ती सुट्टीतल्या विश्रामगृहांच्या जागा वाटण्यापुरती आणि उत्पादनाचा आकडा गाठून देण्यापुरती. १९४९ च्या राज्यघटनेत संपाचा हक्क लिहिलेला होता. १९६८ च्या नव्या घटनेतून तो शब्द गेला. पी ६०३ चे नमुने मोडीत निघाले तेही १९६८ सालीच. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध आम्ही जोडीत नाही. परंतु ज्या घरात 'हे चुकते आहे' असे म्हणण्याची सोय नसते, त्या घरात चूक बावीस वर्षे खपते.

हे केवळ तिकडचेच दुखणे नाही. भोसरीच्या एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) परदेशातून भारी यंत्र आणले, आणि ते ज्या शेडमध्ये बसवायचे तिथली जमीन दर पावसाळ्यात दबते हे सांगणाऱ्या ऑपरेटरला कोणी विचारले नाही. यंत्र बसले, पाऊस आला, यंत्राची पातळी गेली. मालक खासगी असो की सरकारी, खालच्याला न विचारण्याची खोड एकच.

असो. आता नव्या इंजिनाकडे वळू. १९८० च्या पुढे पूर्व जर्मनीला परकीय चलनाची ओढ लागली होती, आणि धूर ओकणारे टू-स्ट्रोक इंजिन बाहेर कोणी घेईना. पश्चिम जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीचे प्रमुख होते कार्ल हान. त्यांचा जन्म केम्निट्झचा, म्हणजे झ्विकाऊपासून हाकेच्या अंतरावरचा. त्यांचे वडीलही युद्धापूर्वीच्या डी.के.डब्ल्यू.मधलेच. १९८४ च्या नोव्हेंबरात करार झाला. फोक्सवॅगनने आपल्या छोट्या पोलो मोटारीच्या इंजिनाची उत्पादनसाखळी पूर्वेकडे द्यायची. ती केम्निट्झला, त्या वेळच्या नावाने कार्ल मार्क्स स्टाटला, बार्कास कारखान्यात उभी करायची. आणि पूर्व जर्मनीने तिची किंमत नोटांनी नव्हे तर तयार इंजिनांनी फेडायची. पक्षाच्या अर्थखात्याचे सूत्रधार गुंटर मिटाग यांना हा सौदा फार पसंत पडला. डॉलर न मोजता इंजिन मिळते आहे, मग काय हवे!

गॅरेजातल्या कारागिराला विचारले असते तर त्याने तेथेच डोक्याला हात लावला असता. सौद्यात इंजिन होते, मोटार नव्हती. चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे, फोर-स्ट्रोक इंजिन ट्राबांटच्या त्या चिमुकल्या नाकात मावायचे कसे? रेडिएटरला जागा नाही. टाकी इंजिनाच्या वर, ती तेथून काढून मागे न्यावी लागली. आता पेट्रोल आपोआप उतरणार नाही म्हणून पंप आला. पुढची चाके आडव्या कमानपाट्यावर होती. वाढलेल्या वजनाला व वेगाला तो पाटा पुरेना, म्हणून नव्या पद्धतीचे उभे स्ट्रट व स्प्रिंगा आल्या. १०० किलोमीटरच्या गाडीला १२५ चा वेग आल्यावर जुने ड्रम ब्रेक कसे चालतील? पुढे डिस्क ब्रेक आले. गिअरची दांडी स्टिअरिंगजवळून जमिनीवर आली. बॉनेट बदलले, जाळी बदलली. एवढे सगळे बदलल्यावर अंगरखा मात्र १९६४ चाच राहिला, कारण नवा अंगरखा शिवायला पैसे उरले नव्हते. इंजिनाच्या ओतकामापासून पाण्याच्या पंपापर्यंत शेकडो भाग देशातच बनवायचे होते, आणि फोक्सवॅगनला लागणारी मापातली अचूकता गाठण्यासाठी कारखान्यामागून कारखाना नवा करावा लागला. खर्च अब्जावधी मार्कांवर गेला. मोठ्या बहिणीचे, आयझेनाखच्या वार्टबुर्गचे, तेच झाले. तिचे अंग १९६६ चे, तीन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन काढून तिला १९८८ च्या ऑक्टोबरात फोक्सवॅगनचे इंजिन मिळाले आणि किंमत ३० हजार मार्कांवर गेली. त्या वेळी तिकडे महिन्याची सरासरी मजुरी बाराशे-तेराशे मार्क होती. दोन वर्षांचा सगळा पगार, आणि दिसायला गाडी तीच! लोकांनी संतापाने तक्रारअर्जांचा पाऊस पाडला. नव्या ट्राबांटला लोकांनी नाव ठेवले: हृदयाला यंत्र बसवलेली ममी. विनोद झणझणीत आहे, पण त्यात इंजिनाची निंदा नाही, हे पाहण्यासारखे आहे.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनची भिंत उघडली. बॉर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यातून निळा धूर सोडीत जुन्या ट्राबांटांची रांग पश्चिमेत शिरली आणि लोकांनी त्यांच्या टपांवर आनंदाने थापा मारल्या. ती रात्र जुन्या इंजिनाची. नवे इंजिन घेतलेली 'ट्राबांट १.१', ४० अश्वशक्तीची, नियमित उत्पादनात आली ती मे १९९० मध्ये. किंमत सुमारे १९ हजार मार्क, जुनीची बारा हजारांच्या आसपास. त्याच मे महिन्यात झ्विकाऊजवळच्या मोझेल येथे नव्या शेडमध्ये खुद्द फोक्सवॅगन पोलो जुळवली जाऊ लागली. एकाच गावाच्या शिवारात एकाच घराण्याचे इंजिन दोन अंगरख्यांत! १ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क पूर्वेत चालू झाला आणि एका रात्रीत ग्राहक नाहीसा झाला. हाती खरे चलन आल्यावर माणूस पश्चिमेची पाच-सात वर्षे वापरलेली गाडी घेऊ लागला. हंगेरी-पोलंडकडे काही गाड्या गेल्या. पण तिकडूनही आता मार्कातच पैसे यायला हवे होते. ३० एप्रिल १९९१ ला शेवटची ट्राबांट निघाली. तीस लाखांहून अधिक ट्राबांटांपैकी नव्या इंजिनाच्या होत्या सुमारे ३९ हजार.

वाईट याचे वाटते की मोटार चांगली झाली होती. धूर गेला, तेल मिसळण्याची कटकट गेली, चढावर दम लागेना, थंडीत एका चावीत चालू होई. हीच गाडी १९७० च्या सुमारास निघती तर युरोपात तिने मान वर करून विक्री केली असती. कामगारांनी आपले काम चोख केले होते. झ्विकाऊच्या हजारो माणसांना घरी पाठवताना त्यांच्या कामाचा दर्जा हे कारण कोणी दाखवू शकले नसते, आणि कोणी दाखवलेही नाही. कारण एवढेच की गाडी खपत नाही.

आपल्याकडचा ताळा येथे पाहण्यासारखा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ साली '११८ एन.ई.' ही मोटार काढली. अंगरखा फियाट १२४ चा, जी इटलीत १९६६ साली निघाली होती आणि जिची रशियन बहीण वर येऊन गेली. इंजिन जपानच्या निस्सानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे. एन.ई. म्हणजे 'निस्सान इंजिन'च. जुन्या अंगात नवा जीव घालण्याचा हा खटाटोप झ्विकाऊच्या कराराच्या नंतर जेमतेम वर्षभराचा. येथे नियोजन मंडळ वेगळे, मालक खासगी, परंतु परवाने मोजके आणि ग्राहक नंबर लावून उभा. त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. शेजारीच पद्मिनी बहुतांशी आपले जुने १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन धावत राहिली. बाजार मोकळा झाल्यावर दोन्ही गाड्या गेल्या आणि कुर्ल्याच्या माणसांनी काय भोगले ते या सभागृहातील काहींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. फरक एक सांगण्यासारखा आहे. कुर्ल्याच्या कामगाराला संप करता येत होता, आणि त्याने तो अनेकदा केला. इंजिन कोणते असावे हे मात्र त्यालाही कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्ही युनियनवाल्यांनीही मागणीपत्रात ते कलम कधी घातले नाही. बोनस, महागाईभत्ता, कॅन्टीन यांच्यापुढे आमची चळवळ सहसा गेली नाही.

झ्विकाऊत जुन्या ट्राबांटचे वेड मात्र ओसरले नाही. हौशी पोरे जुन्या ६०१ मध्ये १.१ चे इंजिन, तिचे पुढचे स्ट्रट, तिचे ब्रेक असे सगळे मिळून बसवतात आणि तपासनिसाकडून ते कागदावर चढवून घेतात. केम्निट्झला आणलेली इंजिनांची ती जागा फोक्सवॅगनने आपल्याकडे ठेवली, आणि ट्राबांट संपल्यानंतरही तेथे वर्षानुवर्षे इंजिने बनत राहिली. मोझेलचा कारखाना वाढला. २०२० पासून तेथे पेट्रोलची मोटार बनत नाही, केवळ विजेवर चालणाऱ्या बनतात. आणि सॅक्सनीतील धातुकामगारांविषयी सांगायचे तर, १९९१ च्या करारात पूर्वेची मजुरी टप्प्याटप्प्याने १९९४ पर्यंत पश्चिमेइतकी करण्याचे ठरले होते. १९९३ च्या फेब्रुवारीत मालकांनी तो करार मोडला. मे महिन्यात 'आय. जी. मेटाल' या युनियनच्या झेंड्याखाली कामगार संपावर गेले. साठ वर्षांत त्या भागातला हा पहिला कायदेशीर संप. तडजोडीत समान मजुरीची मुदत १९९६ पर्यंत पुढे गेली, पण तत्त्व मालकांना मान्य करावे लागले.